मागच्या मैदानावरून

२ सप्टेंबर

दादा,

ईमेल केला असता तर तू तो धड न वाचताच क्रीडासंचालकांकडे पाठवला असतास, म्हणून कागदावर लिहितेय. पत्र तुझ्या ऑफिसबाहेरच्या लाकडी कप्प्यात टाकून जाईन. फोन तू उचलत नाहीस, आणि शनिवारच्या प्रकारानंतर तुझ्या दारात उभं राहायची मलाही हौस नाही.

शनिवारचं आधी मिटवते. सरावाचं वेळापत्रक मी मुद्दाम फाडलं. रागात हात सुटला वगैरे काही नाही. आधी घडी घातली, मग फाडलं, म्हणजे नीट दोन तुकडे होतील. तुझ्या संघातली बावीस मुलं दारात उभी होती. त्यांच्यादेखत असं करायला नको होतं, तू माफी माग, असं वहिनी म्हणते. मागणार नाही. तू त्याच बावीस जणांसमोर मला विचारलंस ना, "तुमच्या मुलींच्या मॅचला येतं कोण?" येतात. गेल्या वेळी सव्वीस जण होते. त्यातले एक आजोबा बसस्टॉप समजून बसले होते हे कबूल, पण तेही शेवटपर्यंत उठले नाहीत.

तुझ्या दारावर "फुटबॉल विभागप्रमुख" अशी पाटी आहे. "पुरुष फुटबॉल" असं तीवर लिहिलेलं नाही. अकरा वर्षं मी या विद्यापीठात मुलींचा संघ चालवतेय आणि अकरा वर्षं तुझ्या संघाचा सराव संपायची वाट बघत कुंपणापाशी उभी राहतेय. आता तुला तेही नको झालं. मुख्य मैदानावर नवीन गवत लावलंय, त्याला विश्रांती हवी, म्हणून मुलींनी वर्षभर मागच्या मैदानावर जायचं. गवताला मुलांचे बूट चालतात, मुलींचे टोचतात! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. फरक इतकाच की इथे दुसरं कोणी नाही, तुझी सख्खी बहीण आहे.

आणि वेळापत्रकाच्या तळाशी ती ओळ: "मागील मैदानाची पाहणी केली असून ते सरावास योग्य आहे." खाली तुझी सही. कधी केलीस पाहणी? मी काल गेले होते. वर्कशॉपच्या मागे, भंगारात काढलेल्या लेथ मशीनच्या पलीकडे. एका गोलपोस्टला जाळी नाही, दुसऱ्याचा आडवा दांडा मधोमध वाकलाय. डाव्या कोपऱ्यातून जुनी ड्रेनेजची लाइन तिरकी गेलीय, तिच्यावरची माती खचलीय. माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला. पाहणी केली म्हणे. उंटावरून शेळ्या हाकल्यास तू.

सराव रद्द होईल अशी वाट बघत असशील तर बघत बस. उद्या सकाळी सहाला आम्ही तिथे आहोत.

तुझी धाकटी

१० सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. एक ओळ, तीही जावक क्रमांकासकट: "लांब उडीच्या खड्ड्यातील बारा घमेली वाळू तात्काळ परत करावी."

हो, आम्हीच नेली. बारा घमेली म्हणतोस, ते चूक आहे. बारा हातगाड्या होत्या. माझी कॅप्टन आणि डावीकडून खेळणारी काडी, दोघींनी गाडी ढकलली, बाकीच्यांनी फावडी मारली. काडी म्हणजे ती लुकडी, जिला तू एकदा "वाऱ्याने उडून जाईल" म्हणाला होतास. ती गाडीच्या दांड्याला लोंबकळून ब्रेक लावत होती. ग्राउंडवाल्या काकांनी सगळं पाहिलं आणि पाठ करून नळीने पाणी मारत उभे राहिले. म्हणाले, "मला ऐकू कमी येतं, आणि आज दिसतही कमी आहे."

ड्रेनेजच्या लाइनीवरचे सगळे खड्डे आम्ही भरले, वर रोलर फिरवला. जाळी नाही त्या गोलला मुलींनी जुने पडदे बांधले. आणि शनिवारी आम्ही तीन-एक जिंकलो. तिन्ही पास काडीचे. तुझा संघ त्याच दिवशी हरला हे मी लिहिणार नव्हते. पण लिहिलं.

आईचा फोन आला होता. म्हणाली, "एका आवारात काम करता आणि एकमेकांना तोंड दाखवत नाही. मी काय दोघांच्या मध्ये निरोप्या होऊ?" मी म्हटलं, तू त्याला विचार. ती म्हणाली, त्याला विचारलं, त्याने तुला विचारायला सांगितलं.

वाळू मिळणार नाही. जावक क्रमांक घालून लिही, नाहीतर दवंडी पीट.

धाकटी

१९ सप्टेंबर

दादा,

तुला कळलंच असेल. काल सकाळी सव्वासातला काडीचा पाय मोडला. डाव्या कोपऱ्यात, त्या लाइनीवर. ती बॉल घेऊन जोरात आली, पाय वाळूत गेला आणि शरीर पुढे. घोट्याच्या वर दोन्ही हाडं. आवाज मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

संध्याकाळपर्यंत मी हॉस्पिटलमध्ये होते. ऑपरेशन झालं, प्लेट घातलीय. या हंगामाचं विसरा, पुढच्याचं बघू, असं डॉक्टर म्हणाले. ती शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलली, "बॉल बाहेर गेला होता का?"

तिचे वडील बस चालवतात. ड्यूटी अर्धी टाकून त्याच खाकी कपड्यांत आले. रडले नाहीत, ओरडले नाहीत. कॉरिडॉरमधल्या बाकावर माझ्या शेजारी बसले आणि विचारलं, "मॅडम, आम्ही गाडी काढायच्या आधी टायर बघतो. मैदान कोण बघतं?"

मी म्हटलं, चौकशी होईल.

चौकशीत मी सांगेन की आम्ही रोजच्यासारखं मैदान बघून सराव सुरू केला होता. सगळं नीट होतं. जे नीट नव्हतं ते तुझ्या कागदावर होतं.

आज याहून जास्त लिहवत नाही.

२७ सप्टेंबर

दादा,

काल तू घरी आलास. चार वर्षांनी माझ्या घराची पायरी चढलास, तीही हातात छापील कागद घेऊन. मी चहा टाकला तेवढ्यात तू टेबलावरची माझी पुस्तकं सरकवून कागद सरळ मांडून ठेवलास. मला वाटलं होतं तू काडीबद्दल विचारशील.

तू गेल्यावर तो कागद मी पुन्हा वाचला. "सदर सराव मंजूर वेळेव्यतिरिक्त व प्रशिक्षिकेच्या स्वतःच्या जबाबदारीवर घेण्यात आला." मंजूर वेळ सातची होती आणि आम्ही सहाला यायचो, हे खरं. पण पाय सव्वासातला मोडला, दादा. घड्याळ तुलाही कळतं.

तू म्हणालास, "एक सही कर, बाकी मी बघतो. नाहीतर वरचे लोक मुलींचा संघच बंद करतील, सुरक्षिततेच्या नावाखाली. मग बस बोंबलत."

मी म्हटलं, "आणि तुझ्या सहीचं काय?"

"माझ्या सहीचं काय? ती नेहमीची ओळ आहे. दरवर्षी छापून येते."

"मग दरवर्षी खोटी येते."

त्यावर तू जे बोललास त्याने मला अजून झोप नाही. शाळेतल्या प्रयोगशाळेची काच मी फोडली होती, मी सातवीत आणि तू दहावीत. तू पुढे होऊन "मी फोडली" म्हणालास आणि हेडमास्तरांच्या छड्या खाल्ल्यास. काल तू म्हणालास, "तेव्हा मी तुझ्यासाठी हात पुढे केला होता. आज तुझी पाळी."

पंचवीस वर्षं मी ती गोष्ट जिला-तिला सांगत आलेय. दर वर्षी नव्या मुलींना सांगते, माझा भाऊ कसा आहे ते. मी त्याला माया समजत होते. ती उधारी होती हे मला काल कळलं.

सही करणार नाही. संघ बंद पडायची भीती मला घालू नकोस. तो बंद झालाच, तर कोणी बंद केला हे मी गावभर सांगेन.

चहाचा कप तसाच ठेवून गेलास. मी पिऊन टाकला.

३ ऑक्टोबर

दादा,

उद्या चौकशी समितीसमोर जायचंय. त्याआधी एक गोष्ट तुला लिहायची आहे, कारण उद्या ती मी सगळ्यांसमोर बोलणार आहे आणि तू ती पहिल्यांदा तिथे ऐकू नयेस. एवढं मी तुझं देणं लागते, त्याहून जास्त नाही.

एकोणीस तारखेच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सगळं नीट नव्हतं.

काडीचा पाय मोडला त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ग्राउंडवाले काका मला गेटपाशी भेटले. म्हणाले, "मॅडम, खालचा पाइप गळतोय. वाळू आत ओढली जातेय. उद्या तिकडे नका खेळू." मी म्हटलं, बघू. सकाळी गेले तर डाव्या कोपऱ्यात ओला डाग होता, परातीएवढा. बुटाने दाबून पाहिलं, माती हलली. तिथे मी प्लॅस्टिकचा नारिंगी कोन ठेवला आणि मुलींना सांगितलं, त्याच्या अलीकडून खेळा.

सराव रद्द करता आला असता. केला नाही, कारण रद्द केला असता तर तू बरोबर ठरला असतास. मागच्या मैदानावर जमत नाही म्हणून मुलींनी सराव सोडला, असं तू सोमवारच्या मीटिंगमध्ये बोलला असतास, आणि ते मला तुझ्या आवाजात आधीच ऐकू येत होतं.

पुढचंही लिहिते. सात वाजता आम्ही कडेने हल्ला करायचा सराव सुरू केला. त्याला मैदानाची पूर्ण रुंदी लागते. कोन मध्ये येत होता. मी तो उचलला. स्वतःच्या हाताने उचलला आणि कुंपणापाशी फेकला. पंधरा मिनिटांनी काडी तिथे पडली.

गेले पंधरा दिवस मी हॉस्पिटलमध्ये जातेय, तिची उशी सारखी करतेय, आणि तिला हे सांगितलेलं नाही. तिच्या वडिलांनी मैदान कोण बघतं विचारलं, तेव्हा तुझं नाव माझ्या ओठांवर होतं आणि माझं पोटात.

उद्या मी आधी माझं सांगेन. मग तुझा कागद पुढे ठेवेन. तू म्हणशील, स्वतः बुडतेय आणि मलाही ओढतेय. तसं नाही. मी फक्त माझ्या वजनाचं उचलतेय. तुझं तुझ्यापाशी.

धाकटी

५ ऑक्टोबर

दादा,

तू तिथेच होतास, तरी लिहितेय, कारण समितीच्या इतिवृत्तात यातलं काही येणार नाही.

लांबट टेबल, मधे पाण्याच्या बाटल्या, कुलसचिव बाई टोकाला. मी कोनाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. क्रीडासंचालक मात्र हलके झाले. त्यांचा चेहरा बघितलास ना? आयतीच डोक्यावर खापर फोडून घेणारी मिळाली म्हणून बरं वाटलं त्यांना. मी म्हटलं, "अजून संपलेलं नाही," आणि तुझ्या सहीचा कागद पुढे सरकवला. मी फाडलेला तोच, चिकटपट्टी लावून.

कुलसचिव बाईंनी तुला विचारलं, "पाहणी केली होती?"

तू म्हणालास, "केली होती."

माझ्याकडे पाहिलं नाहीस. काडीचे वडील भिंतीजवळच्या खुर्चीवर होते, त्यांच्याकडेही नाही.

त्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा. "साहेब, कोणत्या दिवशी?"

तू म्हणालास, "ऑगस्टमध्ये."

"ऑगस्टमध्ये कधी?"

संचालक मधे पडले, "हे कोर्ट नाही." आणि विषय संपला.

निकाल तुला माहीत आहे. मला या हंगामापुरतं कोचपदावरून काढलं. ते मला मान्य आहे, मी तिथेच तसं म्हटलं. तुला तोंडी समज दिली. आणि मुलींचा संघ "पुढील निर्णयापर्यंत स्थगित". मी खरं बोलले आणि संघ गेला, हेच तू मला सांगितलं होतंस. तुझं भाकीत खरं ठरलं. झाला आनंद?

मला नाही पश्चात्ताप. दुःख आहे. दोन्ही एक नाहीत.

बाहेर जिन्यात मुली उभ्या होत्या. मी त्यांना कोनाचं सांगितलं. मग कॅप्टन म्हणाली, "मॅडम, तुम्ही चुकलात." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बरं. आता तुम्ही घरी जा. पुढचं आम्ही बघतो."

अकरा वर्षांत मला कोणी इतक्या अदबीने बाहेर काढलं नव्हतं.

९ ऑक्टोबर

दादा,

मैदानात पाय ठेवायची मला बंदी आहे, रस्त्यावर उभं राहायची नाही. त्यामुळे काल सकाळी मी कुंपणाबाहेर होते आणि सगळं पाहिलं. तू मला पाहिलंस की नाही माहीत नाही.

एकोणीस मुली मुख्य मैदानाच्या मधल्या वर्तुळात बसल्या होत्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पायात मोजे, बूट काढून गवताबाहेर ओळीने ठेवलेले, म्हणजे तुझ्या नव्या गवताला टोचायला नको. ही कल्पना माझी नव्हती हे लिहून ठेवते. असती तर मिरवली असती.

तुझी मुलं आली आणि कडेला घुटमळली. तू शिट्टी वाजवलीस. कोणी उठलं नाही. कॅप्टन म्हणाली, "सर, मागचं मैदान चांगलं आहे असं तुम्ही लिहून दिलंय. आज तुम्ही तिथे जा. आम्ही इथे बसतो."

आणि तू चिडलास. मला तुझा तो राग लहानपणापासून माहीत आहे, मान आधी लाल होते. तू तुझ्या मुलांना म्हणालास, "ठीक आहे, चला. मागे खेळू. दाखवूच यांना."

मला क्षणभर वाटलं, हा आता आणखी कोणाचा तरी पाय मोडणार. मी वर्कशॉपला वळसा घालून धावले. पोचले तेव्हा तुझा लंबू गोलकीपर त्या डाव्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. पाइप अजून गळतोच आहे. त्याने हात आत घातला, कोपरापर्यंत गेला. काडी पडली ती जागा तशीच आहे, कोणी दोरीसुद्धा बांधलेली नाही.

तू शिट्टी वाजवलीस. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आम्ही इथे नाही खेळणार."

"का?"

"पाय मोडेल, सर."

तो उर्मटपणे बोलला नाही. तू विचारलंस म्हणून त्याने सांगितलं. मग एकेक करत सगळी बावीस मुलं तुझ्या शेजारून निघून गेली, आणि तू हातात शिट्टी घेऊन त्या खड्ड्याकडे बघत उभा राहिलास. किती वेळ बघत होतास! तुला हाक मारावी असं मला वाटलं. मारली नाही. तुला पहिल्यांदा पाहणी करताना बघत होते, मधे बोलायचं नव्हतं.

ती मुलं कुठे गेली माहीत आहे? मुख्य मैदानावर. मुलींच्या मागे, वर्तुळाबाहेर, बूट काढून बसली. दहा वाजता कुलसचिव बाई आल्या तेव्हा एक्केचाळीस जण होते.

आज नोटीस लागली. मागचं मैदान बंद, पाइप दुरुस्त होईपर्यंत कोणीही जायचं नाही. स्थगिती उठली. मुख्य मैदान तीन दिवस मुलांना, तीन दिवस मुलींना. माझ्या जागी कॅप्टनच सराव घेईल, कारण दुसरं कोणी मिळत नाही. मी असते तर इतकं मिळालं असतं का, याचा विचार मी फार करत नाही. उत्तर मला आवडणार नाही.

१४ ऑक्टोबर

दादा,

तू कुलसचिवांना लिहिलेल्या पत्राची प्रत आज माझ्या कप्प्यात मिळाली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. "मी सदर मैदानाची प्रत्यक्ष पाहणी केलेली नव्हती. समितीसमोर केलेले विधान चुकीचे होते." सहा वेळा वाचलं. पत्रावर जावक क्रमांक नाही, म्हणजे टायपिस्टकडून टाइप करून न घेता स्वतः लिहिलंस.

तुझ्या दारावरच्या पाटीचं काय होईल ते वरचे लोक बघतील. वहिनीचा फोन आला होता, घरात तू बोलत नाहीस म्हणाली. आई म्हणाली, आता तरी भेट त्याला. मी दोघींना सांगितलं, मी येणार नाही. माफ केलं असं या पत्रात कुठे लिहिलेलं सापडणार नाही, शोधू नकोस. काच फोडल्याच्या छड्यांचा तू हिशोब काढलास, ते अजून दुखतं. दुखेल तोवर दुखू दे.

पण एक काम राहिलंय, आणि ते कागदावर होणारं नाही.

आज मी काडीच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिला तिच्या वडिलांनी पाठुंगळी घेऊन चढवलं म्हणे. ती खिडकीजवळ पाय उशीवर ठेवून बसली होती. मी तिला कोनाचं सांगितलं. समितीत, जिन्यात, सगळीकडे सांगून झालं होतं, पण जिला सांगायचं तिलाच राहिलं होतं.

तिने पायाखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही कोन उचललात तेव्हा मी बघत होते."

मी तिच्या पायाकडे पाहिलं.

ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही उचलला म्हणजे तिथे ठीक असेल."

दादा, समितीने माझं जे केलं ते या एका वाक्यापुढे काहीच नाही. मी उठले, परत बसले. पुन्हा यायचं का, विचारलं. ती म्हणाली, "उद्या नका येऊ. उद्या मला तुमचा राग येणार आहे. परवा या."

तर उद्याची संध्याकाळ तिच्याकडे मोकळी आहे. तू जा.

पत्ता पाठीमागे लिहिलाय. तिचे वडील चारनंतर घरी असतात, ते असतानाच जा. फुलं नेऊ नकोस, विद्यापीठाच्या नावाचं काहीच नेऊ नकोस. जिना चढून हातात काही नसताना तिच्यासमोर बस आणि सांग, मी बघायला गेलोच नव्हतो. ती कदाचित तुला हाकलेल. मग खाली उतर. आणि परवा परत यायचं का, ते निघायच्या आधी तिला विचार.

धाकटी